कलदारचा रकाना

मला मंडळीच्या हिशेबाला कुणी निवडून दिलं नव्हतं. माझं अक्षर चांगलं होतं, एवढाच माझा अपराध.

मी औरंगाबादला आले ती मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायला. नगरकडच्या बोर्डिंगात वाढलेली, आई-बाप कोण ते ठाऊक नसलेली पंचविशीची बाई, एक पेटी आणि एक वळकटी घेऊन निजामाच्या राज्यात उतरली. करोडगिरीच्या शिपायानं माझी पेटी उचकटून पाहिली आणि जकात घ्यावी असं आत काहीच नाही हे बघून त्याचाच चेहरा पडला. तेव्हा मला हसू आलं होतं. खोलीवर गेल्यावर त्याच गोष्टीचं रडू आलं.

आमचं चर्च इंग्रजांच्या छावणीच्या कडेला होतं. मंडळीतले निम्मे लोक छावणीत साहेबांकडे कामाला असलेले, म्हणजे खानसामे, आया, माळी, इस्पितळातले नोकर. उरलेले निम्मे करमाड, मुकुंदवाडी, दौलताबादकडून पायी येणारे शेतमजूर. छावणीवाल्यांना पगार इंग्रजी रुपयांत मिळे, त्याला सगळे कलदार म्हणत. गावाकडच्यांच्या हातात निजामाचा हाली रुपया. दोन्ही चांदीचे, दोन्ही गोल, दोघांनाही रुपयाच म्हणायचं. पण बाजारात सहा कलदार दिले की सात हाली मिळत. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माझाही पगार मिशनकडून कलदारात यायचा, आणि त्यातले दोन रुपये मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्पणात टाकत असे.

अर्पणाची आमच्याकडे एक रीत होती. लांब दांडीची मखमली थैली बाकांमधून फिरे. प्रत्येकानं मूठ मिटून हात मनगटापर्यंत थैलीत घालायचा आणि मग आत मूठ उघडायची. काय टाकलं ते शेजाऱ्याला दिसता कामा नये. एक पैसा टाकणाऱ्या मजुराला रुपया टाकणाऱ्या खानसाम्यासमोर मान खाली घालावी लागू नये, म्हणून ही रीत. चांगलीच रीत होती. ती इतकी मुरली होती की आपण काय दिलं हे बोलून दाखवणं म्हणजे चारचौघांत शिवी दिल्यासारखं समजत. नवरासुद्धा बायकोला विचारत नसे.

माझ्या आधी कधीतरी अर्पणाच्या पेटीतले पैसे कमी होऊ लागले होते. कुणी नेले ते कळलं नाही. तेव्हा पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्र्यांनी, लोखंडी पेटीला दोन कुलपं बसवून घेतली. एक किल्ली खजिनदाराकडे, दुसरी दुसऱ्या कुणाकडे. दोघं असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. मी आल्यावर ती दुसरी किल्ली त्यांनी मला दिली. भर सभेत म्हणाले, बाई परक्या आहेत, त्यांचं इथं कुणी नाही, म्हणून त्या कुणाची बाजू घेणार नाहीत. ही माझी स्तुती होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली आणि दिवसभर कुणाशी बोलले नाही.

खजिनदार होते ते निवृत्त कंपाउंडर. सगळी मंडळी त्यांना काका म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, बोलताना समोरच्याची नाडी धरल्यासारखं मनगट धरायची सवय. कुणाचं पोर तापानं फणफणलं की आधी काकांकडे न्यायचे. दवाखाना नंतर.

रविवारी उपासना झाली की चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं बसायचो. काका नाणी मोजायचे, मी वहीत लिहायचे, खाली दोघांच्या सह्या. सोमवारी ते सगळी रक्कम पिशवीत घालून सराफ्यात न्यायचे, कारण पैशा-आण्यांचा ढीग मोडून त्याचे रुपये करून आणावे लागत. आणले की बांधलेली पिशवी तशीच पेटीत, पुन्हा दोन कुलपं. महिन्याला तीसेक रुपये जमत. वीस पाळकसाहेबांच्या पगाराला आणि दिव्याच्या तेलाला जात, दहा छपरासाठी शिल्लक पडत. आमचं छप्पर बघण्यासारखं होतं. पावसाळ्यात प्रवचन चालू असताना लोक बाक सोडून कोरड्या जागेच्या शोधात फिरत.

पहिल्याच रविवारी मी वहीत नीट लिहिलं होतं, कलदार इतके, हाली इतके. पण रकाना अरुंद. ‘कलदार’ हा शब्द त्यात मावेना, शेजारच्या तारखेवर चढला, शाई फुटली. काकांनी चष्मा वर करून पाहिलं.

“बाई, नुसतं रुपये लिवा की,” ते म्हणाले. “रुपया तो रुपया. मोत्यासारखं अक्षर हाय तुमचं, काहून गिचमिड करता?”

बोर्डिंगात माझ्या कामाला नावं ठेवली गेली होती, चुका दाखवल्या गेल्या होत्या, पण मोत्यासारखं असं माझं काही आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पान खरवडलं आणि नुसतं ‘रुपये’ लिहिलं. पुढची तीन वर्षं तेच लिहीत राहिले. वही काय देखणी दिसायची. पाळकसाहेब ती पाहुण्यांना दाखवत.

त्याच रविवारी मोजणी संपल्यावर काका म्हणाले, चला जेवायला. मी आढेवेढे घेतले. ते ऐकायला थांबलेच नाहीत, पुढं चालू लागले. त्यांचं घर चर्चपासून चार पावलांवर, दोन खोल्यांचं. काकींनी पाट मांडला, ताट वाढलं. मटणाचा रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा. मी संपवलं आणि उठू लागले, तर काकींनी न विचारता आणखी एक पळी वाढली. आता हसू येतं, पण मला त्या वेळी काय करावं ते कळेना. बोर्डिंगात रांगेत टिनची थाळी घेऊन उभं राहायचं, जेवढं पडेल तेवढं खायचं. मागितल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा वाढतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी मी तिथं जेवले. खेड्यातून आलेला एखादा शिक्षक असायचा, कधी वाट चुकलेला पाहुणा, पण मी ठरलेली. निघताना काकी जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात दोन भाकरी बांधून द्यायच्या, सोमवारच्या डब्यासाठी. तो तुकडा धुऊन मी पुढच्या रविवारी परत न्यायची. सहा दिवस मी शाळेतली बाई असायची. सातव्या दिवशी दुपारी तास-दोन तास कुणाच्या तरी घरातली. आठवड्यातले बाकीचे दिवस त्या दोन तासांवर निघत होते, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

तिसऱ्या वर्षी शिल्लक साडेतीनशेवर गेली आणि मंडळीनं कौलं घ्यायचं ठरवलं. मनमाडच्या व्यापाऱ्यानं साडेतीनशे रुपये सांगितले. मनमाड इंग्रजी हद्दीत, तेव्हा रुपये अर्थातच कलदार. पाळकसाहेबांनी काकांना पेटीतले पैसे काढायला सांगितले. मी माझं कुलूप उघडलं, काकांनी त्यांचं. पिशवी टेबलावर रिकामी झाली आणि मी बघतच राहिले. सगळे हाली. एकूण एक.

पाळकसाहेबांनी हिशेब केला. साडेतीनशे हालींचे तीनशे कलदार. पन्नास कमी पडले. ते हळहळले, म्हणाले, बदलीत नुकसान होणारच, आपण रियासतीत राहतो. पुढच्या रविवारी मंडळीसमोर ठेवू आणि पन्नासाची वर्गणी काढू. काका मान डोलावत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दर रविवारी मी समोर बसून ढीग पाहत आले होते, त्यात निम्म्याहून जास्त कलदार असायचे. सराफ्यात पैसे आणि आणे मोडायला जायचे. रुपये मोडायला कशाला जातील? सहा कलदारांचे सात हाली आणले आणि सहाच पेटीत टाकले, तर वहीत काही कमी पडत नाही, एक मात्र हातात उरतो.

पेटी उघडली त्या रविवारीही मी जेवायला गेले. सवयच होती, आणि खरं सांगायचं तर मला ते खोटं ठरायला हवं होतं. पहिला घास घेतला आणि विचारलं, “काका, कलदार कुठं गेले?”

काकी पळी घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच थांबल्या. काकांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, खाल्ला.

“वहीत कमी हाय का काही?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही.

“मग जेवा.” थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “सही तुमचीबी हाय, बाई.”

ते धमकावत नव्हते. आवाज नेहमीसारखा मऊ होता, आणि त्याचंच मला भय वाटलं. त्या दिवशी काकींनी दुसऱ्यांदा वाढलं नाही. भाकरीही बांधून दिली नाही.

पुढचा आठवडा मी शाळेत काय शिकवलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी सारखी स्वतःशी भांडत होते. पन्नास रुपये, वर्गणीत निघून जातील. ज्या माणसानं अर्ध्या मंडळीची पोरं जगवली त्याच्याकडे बोट दाखवायचं? आणि तेही मी, जिनं स्वतःच्या हातानं तीन वर्षं ‘रुपये’ लिहिलं? गप्प बसले तर रविवार शाबूत. बोलले तर या गावात मला दुसरं एकही दार नव्हतं. दुसरीकडे करमाडहून येणारी एक म्हातारी डोळ्यांपुढं यायची. अर्पणाच्या वेळी ती पदराची गाठ दातांनी सोडायची. वर्गणी तिच्याकडूनही घेतली जाणार होती. मला राग आला. काकांचा आला, पाळकसाहेबांचा आला, आणि त्या माझ्या मोत्यासारख्या अक्षराचा सगळ्यात जास्त आला.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर सभा भरली. काकांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “साडेतीनशे लिवलेत, साडेतीनशे हायत. मोजून घ्या.” ते खरंच होतं. वही बरोबर, बेरीज बरोबर, कुलपं शाबूत. लोक माना हलवू लागले, कुणीतरी वर्गणीची यादी करायला कागद काढला.

मी उभी राहिले.

“मी दर महिन्याला दोन कलदार अर्पणात टाकते,” मी म्हणाले. “तीन वर्षं टाकलेत. या पिशवीत एकही कलदार नाही.”

सगळ्या चर्चमध्ये चिडीचूप झालं. पिशवीमुळे नाही, हे मला लगेच कळलं. मी काय दिलं ते बोलले होते. पुढच्या बाकावरच्या एका बाईनं तोंडावर पदर ओढला, जणू मीच उघडी उभी होते. पाळकसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटलं, आता कुणीतरी मला खाली बसवणार. मी तेवढ्यात उरलेलं बोलून घेतलं, की वहीत कलदार आणि हाली वेगळे लिहायला हवे होते, ते मी लिहिले नाहीत, ती चूक माझी आहे.

मग शेवटच्या बाकावरून मेसमधला खानसामा उठला. छताकडे बघत म्हणाला, “माझाबी एक असतोय. कलदारच.” आणि झटकन खाली बसला. बायकांच्या बाजूनं एक आया बसल्या जागेवरूनच बोलली, तिचे आठ आणे असतात, तेही इंग्रजी. मग माळी. मग इस्पितळातला वॉर्डबॉय. एकेक जण चोरी कबूल केल्यासारखा आपलं दान सांगत होता. जो तो इतकी वर्षं समजत होता की कलदार टाकणारा आपण एकटाच, बाकीचा ढीग हालीचाच असणार. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची सोयच नव्हती.

काका स्वतःच्या हातांकडे बघत होते. त्यांनी नाकारलं नाही. उठून त्यांची किल्ली टेबलावर ठेवली आणि बायकोला घेऊन निघून गेले. पोलिसात कुणी गेलं नाही, घरातली गोष्ट घरात राहिली. पन्नास रुपये शेवटी वर्गणीनंच निघाले. मला वाटलं होतं, छातीवरचा धोंडा उतरेल. तसं काही झालं नाही. मी मागच्या खोलीत गेले, पेटीला कुलूप लावलं, आणि सवयीनं पाय काकांच्या घराकडे वळले. चार पावलांवर थांबले. मग परत फिरले.

पाळकसाहेबांनी मला पुन्हा असं होणार नाही अशी व्यवस्था लावायला सांगितलं. मी लावली. नवी वही आणली, पट्टीनं रकाने आखले, कलदारचा वेगळा आणि ऐसपैस, हालीचा वेगळा, खुर्द्याचा वेगळा. मोजणी मागच्या खोलीत बंद, आता चर्चमध्येच, सगळ्यांसमोर. एकानं नाणं उचलून मोठ्यानं पुकारायचं, मी लिहायचं. मोजणारे दोघं, नात्यातले नकोत, दर तीन महिन्यांनी बदलायचे. सराफ्यात जाताना दोघांनी जायचं आणि काय दिलं, काय आणलं त्याची चिठ्ठी वहीला चिकटवायची. कुणी काय टाकलं हे मात्र पूर्वीसारखंच झाकलेलं राहिलं. त्याला मी हात लावला नाही. तरी लोक म्हणायचे, बाईनं गिरजात सराफाचं दुकान मांडलं. माझ्याशी अदबीनं वागायचे, सलाम करायचे, आणि माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही.

दोनेक महिन्यांनी शहागंजात भाजी घेताना काकी समोर आल्या. मी खाली बघून निघून जाणार होते, पण त्यांनीच हाक मारली. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“तेंची पेन्शन किती, ठाऊक होतं ना तुमाला?” त्या म्हणाल्या. “रविवारचं मटन कशात येत होतं, ते कधी इचारलं नाय तुमी.”

त्यांनी मेथीची एक जुडी उचलून पाहिली.

“तुमी यायच्या आधी आमीबी चटणी-भाकरच खायचो, बाई. पोरगी बिनमायबापाची हाय, तिच्या ताटात चटणी कशी वाढायची, हे म्हनले.”

एवढं सांगून त्यांनी मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि गेल्या. मी तिथंच उभी राहिले. भाजीवाली दोनदा विचारत होती, काय पाहिजे. माझ्यासाठी कुणी चोरी केली होती. आयुष्यात माझ्यासाठी कुणी काही केलं असेल, तर ते हेच. आणि ते मीच पकडून दिलं होतं.

त्या महिन्यापासून मी दोनाऐवजी तीन कलदार टाकू लागले. तीन वर्षांच्या जेवणाची किंमत कशी काढणार, पण काहीतरी टाकायलाच हवं होतं. आणि त्याच सुमारास पहिल्या रविवारच्या मोजणीत थैलीतून एक चिंधी निघाली. घट्ट गाठ मारलेली. पुकारणाऱ्यानं दातांनी सोडली, आतून रुपया काढला, “कलदार, एक,” असं ओरडला आणि चिंधी खाली टाकली. मी लिहिलं. चिंधी मला लांबूनच ओळखू आली होती. जुन्या हिरव्या लुगड्याची.

काकी तेव्हा छावणीतल्या बंगल्यांवर अंडी विकायला जाऊ लागल्या होत्या. मी त्यांना टोपली घेऊन जाताना पाहिलं होतं. बंगल्यांवर पैसे कलदारात मिळत. दर पहिल्या रविवारी चिंधी निघे, आणि मोजणी झाल्यावर सगळे गेले की मी ती उचलून वहीत ठेवी. एकच देणं आम्ही दोघी दोन बाकांवरून फेडत होतो आणि एकमेकींना सांगू शकत नव्हतो. निदान मी तरी नाही. दान न सांगण्याची रीत एकदा मोडून मी काय मिळवलं होतं ते माझ्यापुढं होतं.

पुढच्या हिवाळ्यात काका वारले. दफनाला सगळी मंडळी आली, ज्यांची पोरं त्यांनी वाचवली होती ती पोरांना घेऊन आली. मी मागं उभी होते. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मला वाटलं, आता चिंधी निघणार नाही. निघाली. त्याच्या पुढच्या महिन्यातही निघाली.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मोजणी उरकली, पेटी बंद केली, आणि किती दिवसांनी ती चार पावलं चालून गेले. वहीतल्या चिंध्या धुऊन, घडी घालून बरोबर घेतल्या होत्या. दार उघडंच होतं. काकी एकट्या जेवायला बसल्या होत्या. ताटात भाकरी आणि लसणाची चटणी. मला बघून त्या उठल्या नाहीत, पण हात थांबला. मग त्यांनी पायानंच दुसरा पाट माझ्याकडे सरकवला.

“जेवलात का, बाई?”

नाही एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी अर्धी भाकरी मला दिली असती, अर्धी स्वतः खाल्ली असती. तेवढ्याचसाठी मी आले होते. पण माझी नजर त्या एका भाकरीवर गेली, शेजारच्या भाकऱ्यांच्या रिकाम्या टोपलीवर गेली, आणि वाटलं, आता या उठतील, शेजारी जाऊन माझ्यासाठी कालवण मागून आणतील.

“हो, जेवूनच आले,” मी म्हणाले.

“बरं,” म्हणाल्या, आणि पाट परत भिंतीशी लावला.

भर मंडळीत उभी राहून खरं बोललेली मी, तिथं उंबऱ्यावर खोटं बोलले. चिंध्या पदराखालीच राहिल्या. खोलीवर आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आणि मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.